कानामागं पाहा, मास्तर

मला कुत्र्यांची भीती वाटते. लहानपणी वाटायची, आता म्हातारपणी वाटते, आणि मधल्या काळात वाटत नव्हती असं कुणी सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. तरीही कुणाच्या घरी गेलो आणि तिथलं कुत्रं पायाशी आलं की माझा उजवा हात आपसूक खाली जातो आणि त्याच्या कानामागं फिरायला लागतो. परवा आमच्या व्याह्यांच्या कुत्र्यालाही तसाच फिरला. विहीणबाई कौतुकानं म्हणाल्या, "तुम्हाला मुक्या जनावरांचा भारीच लळा दिसतो!" मी नुसता हसलो. मनातल्या मनात मी केव्हाच दाराबाहेर पळालो होतो, ते त्यांना कुठून दिसणार? लळाबिळा काही नाही. ही खोड मला नानाजी घाटोळांनी लावली.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि आम्हाला शहाणं व्हायचं असेल तर नागपूरला जावं लागे. मी मूळचा अकोल्याचा. नागपूरला जाऊन बी. ए. झालो, तोही दुसऱ्या खेपेला, आणि अमरावतीच्या एका शाळेत इंग्रजी आणि भूगोल शिकवायला लागलो. नागपुरात असताना मी 'मले-तुले' सोडून 'मला-तुला' म्हणायची सवय केली होती. शुद्ध बोलणाऱ्या माणसाला खोली स्वस्तात मिळते असा माझा समज होता. तो खोटा निघाला. शिवाय घाबरलो की माझी सगळी शुद्ध भाषा जिन्यावरून गडगडत खाली जायची आणि तोंडातून अस्सल अकोला बाहेर पडायचं. नानाजींच्या घरी भाडेकरू म्हणून राहायला गेलो आणि हे रोजच व्हायला लागलं.

घर गावाच्या टोकाला होतं. मागं त्यांची वाडी, तिच्यात वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि कडेनं शेवंती आणि झेंडू. नानाजी ठेंगणे, अंगानं जाड, गुडघ्यापर्यंत धोतर आणि डोक्याला कधी काळी पांढरं असलेलं मुंडासं. कमरेच्या करदोड्याला चांदीची कानकोरणी आणि चिमटा लटकत असे. आवाज असा, की त्यांनी कानात सांगितलेली गोष्ट चौकातल्या पानवाल्याला आधी कळायची. त्यांना जगात एकच शत्रू होता. सावकार नव्हे, तलाठी नव्हे, भाऊबंदही नव्हे. गोचीड!

"वाघ बरा मास्तर," ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले. "वाघ दिसते. ओरडते. गोचीड ना दिसे ना बोले. रगत पिनारा कधी बोलत नसते."

त्यांचं म्हणणं असं, की गुरांच्या अंगावर गोचिडी शेकड्यानं असतात, त्या गुरांना नुसत्या वाळवतात. पण कुत्र्यामांजरांना एखादी अशी लागते, की तिच्या विषानं जनावराचे मागचे पाय जातात. मग पुढचे जातात, मग आवाज बसतो, मग श्वास. ती एकच शोधून काढली की जनावर उठून उभं राहतं. नाही सापडली तर गेलं. लोक म्हणतात लकवा झाला, पिसाळलं, करणी केली. "अन् थे मस्त कानामागं बसून राह्यली रगत पीत!" एवढं सांगताना त्यांच्या गळ्याच्या शिरा ताठ व्हायच्या.

म्हणून रोज दिवस मावळायच्या आत ओट्यावर हजेरी असे. घरची चंपी, घरची दोन मांजरं, आणि गल्लीतली होती नव्हती ती सगळी कुत्री. चंपी ही वाडीची राखण करणारी पिवळट कुत्री, अंगानं किडकिडीत आणि स्वभावानं हेडमास्तर. ती आधी तपासून घ्यायची आणि मग बाकीच्यांवर देखरेख करत बाजूला बसायची. नानाजी डोळे मिटून बोटं फिरवत. आधी कान, मग मान, जबड्याखाली, काखा, बोटांच्या बेचक्या, शेवटी शेपटीखाली. डोळे का मिटता, असं मी विचारलं.

"डोयाले केस दिसतात. बोटाले गोचीड दिसते. डोयानं नाई, बोटानं पाहा."

सापडली की चिमट्यानं कातडीलगत धरायची आणि सरळ ओढायची, बोंडातून कापूस वेचावा तशी. पिळायची नाही, चेंगरायची नाही. मग ती घासलेटाच्या डबीत. डबी चुन्याच्या डबीसारखीच होती आणि दोन्ही एकाच खिशात असत, त्यामुळे नानाजींनी पुढं केलेलं पान मी कधीही खाल्लं नाही. त्यांना वाटायचं, मास्तर मोठा निर्व्यसनी आहे.

ही बोटं फक्त जनावरांवर फिरत असती तर बरं होतं. बोलताबोलता समोर जे येईल त्याच्या कानामागं ती जायची. नातवंडं, वासरू, बाजारातला दलाल. एकदा आमच्या शाळेचे इन्स्पेक्टरसाहेब माझी खोली बघायला आले. म्हणजे आले होते झेंडूची रोपं न्यायला, पण मी पोरांना सांगितलं खोली बघायला. नानाजी त्यांना खताचं महत्त्व सांगत होते आणि सांगतासांगता त्यांची बोटं साहेबांच्या टोपीखाली शिरली. साहेब दगडासारखे उभे. मी मागून खुणा करतोय, नानाजींचे डोळे मिटलेले! शेवटी ते म्हणाले, "साफ हाय," आणि पुन्हा खताकडं वळले. मला त्या वर्षी बढती मिळाली नाही. त्याला इतरही कारणं होती, पण मी अजून हेच सांगतो.

या सगळ्यावर नानाजींनी एक शोध लावला होता आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. काळ्या लोकरीचा जाड गोफ, करंजाच्या तेलात भिजवलेला, आणि मध्ये गाठीत वेखंडाचा तुकडा. वेखंडाच्या वासानं धान्यातले किडे पळतात, मग गोचीड कशी येईल, असा त्यांचा हिशोब. हा गंडा त्यांनी गल्लीतल्या प्रत्येक कुत्र्यामांजराच्या गळ्यात बांधला होता. पोळ्याला नवा बांधायचा, तो पुढच्या पोळ्यालाच सोडायचा, मध्ये हात लावायचा नाही. आमच्या गल्लीत आंधळा माणूसही वासावरून बरोबर यायचा.

"गंड्याखालच्या कुत्र्याले गोचीड लागली तं मी मिशा उतरवीन," नानाजी गर्जायचे.

"मंग रोज तपासता काहून?" आतून पार्बतीकाकू विचारायच्या. काकू म्हणजे त्यांच्या मंडळी. त्या दिवसातून फार तर चार वाक्यं बोलत, पण त्यातलं एक तरी नानाजींना लागायचंच.

"अवं, गोचिडीले समजलं पाह्यजे की नाना जागा हाय!"

आता माझी गोष्ट. नानाजींच्या मनात आलं, मास्तर शिकलेला माणूस आहे, त्याला विद्या द्यावी. एका रविवारी त्यांनी चंपीला आडवं केलं, माझ्या हातात चिमटा दिला आणि स्वतः तंबाखू मळायला बसले. मी डोळे मिटले. ती गुरूंची आज्ञा होती, शिवाय उघडे ठेवायची हिंमतही नव्हती. कान साफ, काखा साफ. पोटावर बोट गेलं आणि लागली की हाताला! बारीक, मऊ, फुगीर. मी आनंदानं ओरडलो, "सापडली नानाजी!" आणि कातडीलगत चिमट्यानं धरून, कापूस वेचावा तशी, सरळ ओढली.

ते चंपीचं आचळ होतं.

चंपीनं माझ्या मनगटाला चावा घेतला. फार मोठा नाही. एखाद्या सभ्य बाईनं गर्दीत थोबाडीत द्यावी तेवढाच. मी "आवो माय वं!" असं शुद्ध अकोल्यात किंचाळलो. नानाजी हसून हसून ओट्यावरून खाली घसरले. मग दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, "कुत्रीवर नजर ठेवा. ती ठणठणीत राहिली तर तुम्हीही ठणठणीत. ती पिसाळली किंवा मेली तर मात्र या. पोटात सुया घ्याव्या लागतील, ओळीनं." त्यांनी सुई दाखवली. ती बैलासाठी असावी असं मला वाटलं.

आणि त्यानंतर काही दिवसांनी, पोळ्याच्या आदल्या सकाळी, चंपी उठली नाही. म्हणजे पुढच्या पायांवर उठली, मागचे पाय तसेच फरफटत राहिले. भुंकायला गेली तर नुसता खर्रर्र आवाज आला. तोंडातून लाळ गळत होती.

समोर एक वकीलसाहेब राहत. माणूस वाईट नव्हता, घरात लहान मुलं होती आणि भिंतीवर शिकारीची बंदूक होती. ते येऊन लांबूनच बघून गेले. "नानाजी, लाळ बघा, आवाज बघा. मास्तरांना चावलीसुद्धा! कुत्री पिसाळली आहे. उद्या पोळा, सगळी पोरं रस्त्यावर असणार. संध्याकाळपर्यंत थांबतो, मग मला बंदूक आणावी लागेल."

"चावली कारन मास्तरनं तिचं थान उपटलं!" नानाजी ओरडले. सगळ्या गल्लीला नव्यानं कळलं.

वकीलसाहेबांचं म्हणणं मला पटत होतं आणि माझ्या पोटाला पटत नव्हतं. कुत्री मेली की सुया! मी वकीलसाहेबांना अहिंसेवर बरंच ऐकवलं. बुद्ध, महावीर, सगळे बोलावले. लोकांना वाटलं, मास्तरचं काळीज किती मऊ. मऊ होतं ते पोट.

नानाजींनी चंपीचं डोकं मांडीवर घेतलं आणि डोळे मिटले. कान, मान, जबडा, काखा, बेचक्या. काही नाही. पुन्हा पहिल्यापासून. काही नाही. ऊन ओट्यावरून भिंतीवर चढलं. दुपारी त्या दिवसाची खांदेमळणी करायची होती, बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळून 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' म्हणायचं होतं. बैल दावणीला वाट बघत उभे, हळदीची वाटी तशीच पडलेली. चंपीचे आता पुढचे पायही लुळे पडायला लागले होते. नानाजींची बोटं आता क्रम चुकायला लागली होती. त्या बोटांना चुकताना मी पहिल्यांदाच बघितलं आणि मला माझ्या पोटाचा विसर पडला. खरंच पडला.

"नाई," ते शेवटी म्हणाले. "हिच्या आंगावर गोचीड नाई. असूच शकत नाई. गंड्याची कुत्री हाय माही."

दारात काकू उभ्या होत्या. "गंड्याखाली पायलं काय?"

"गंडा पोयाच्या दिवसाआंधी सोडत नाई."

"मंग मरू द्या तिले," काकू म्हणाल्या. "गंडा तं खरा ठरन."

एवढं बोलून त्या आत गेल्या. नानाजींनी माझ्याकडं बघितलं नाही. मग हात लांब करून त्यांनी मेथीच्या जुड्यांजवळचा विळा घेतला, आणि तो तेलकट काळा गोफ कापला.

वेखंडाच्या गाठीच्या बरोबर खाली, गळ्याच्या घडीत, ती होती. एरंडीच्या बीसारखी, करडी, टम्म.

नानाजी तिच्याकडं बघतच राहिले. "म्या जगभर हुडकून राह्यलो," ते अगदी हळू म्हणाले, आणि ते हळू बोलू शकतात हे मला तेव्हा कळलं, "अन् हे लेकाची माह्याच घरात राहून राह्यली. म्याच तिले छप्पर बांधून देल्लं."

चिमटा लावला, सरळ ओढली, डबीत टाकली. मग उठून ओट्याच्या कडेला गेले आणि आपल्या नेहमीच्या आवाजात ओरडले, "वकीलसाहेब! सापडली! माह्या गंड्याखाली सापडली!"

मी त्यांचं धोतर ओढलं. म्हटलं, "सापडली एवढंच सांगा ना. कुठं सापडली ते कशाला?"

"वा रे मास्तर! बाकीच्यायच्या गयात तेच बांधेल हाय ना!"

आणि विळा घेऊन ते निघाले. घरोघर गेले, ज्या हातांनी बांधले होते त्याच हातांनी सगळे गंडे कापत सुटले. प्रत्येक दारात तोच शब्द, "चुकलं माय, नानाचं चुकलं." वकीलसाहेबांच्या मांजराच्या गंड्याखालीही बारक्या गोचिडी निघाल्या. वकीलसाहेबांनी त्या बघितल्या, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बंदूक उद्यापर्यंत राहू देतो भिंतीवर."

नानाजी परत आले ते सरळ न्हाव्याकडून. मिशा उतरवून! बोडक्या ओठाचे नानाजी सोललेल्या वांग्यासारखे दिसत होते. काकूंनी पदर तोंडावर घेतला आणि त्या दिवसाचं चौथं वाक्य काही उच्चारलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोळा फुटला. झुली घातलेले बैल दारात आले. काकू ओवाळायला ताट घेऊन उंबऱ्यात आल्या, आणि त्यांच्यामागून काहीतरी सरपटत आलं. चंपी. ती उंबऱ्यापाशी थांबली, मागचे पाय पोटाखाली घेतले, एकदा कोसळली, आणि उभी राहिली. लटपटत, पण चारी पायांवर. बैलांकडं बघून भुंकली. आवाज फाटका होता, पण भुंकणं हेडमास्तराचंच होतं. नानाजी ढसाढसा रडले. मी आधी पोट चाचपलं आणि मग मीही रडलो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं दाराला लावलेल्या पळसाच्या फांद्या गावाबाहेर नेऊन टाकतात. पोरं रोगराई आणि किडेमाकोडे नेणाऱ्या मारबतीला ओरडून सांगत जातात, 'ईडा पीडा, ढेकून मोंगसे घेऊन जाय गे मारबत!' नानाजी दर वर्षी त्यात 'गोचीड बी' घालायचे. त्या सकाळी ते सगळ्यांत पुढं होते, फांदी खांद्यावर आणि ओठ बोडका. चंपी लंगडत मागं. ते ओरडले, "ढेकून, मोंगसे, गोचीड घेऊन जाय गे मारबत! अन् नानाचं शहानपन बी घेऊन जाय!" पोरांना ते फार आवडलं. मी अमरावतीत होतो तोवर त्या गल्लीत दर पोळ्याला पोरं हेच म्हणायची, आणि सगळ्यांत मोठा आवाज नानाजींचा असायचा.

मग माझी बदली अकोल्याला झाली. काही वर्षं गेली. चंपी म्हातारी होऊन गेली, काकू गेल्या, हे कळत राहिलं. एके दिवशी बाजारात अमरावतीचा एक माणूस भेटला. म्हणाला, नानाजींना लकवा मारला. मुलीनं, वच्छीनं, तिच्या सासरी बार्शीटाकळीला नेऊन ठेवलंय.

मी रविवारी गेलो. निंबाखाली बाजेवर नानाजी पडले होते. किती लहान झाले होते! पाय चादरीखाली सरळ, कुणी ठेवून दिल्यासारखे. मिशा पुन्हा आलेल्या, पांढऱ्या. गळ्यात कुणीतरी दिलेला काळा दोरा, त्याला ताईत.

"कोन?" आवाज नुसता खर्रर्र.

"मी. मास्तर."

"मास्तर..." अर्ध्या चेहऱ्यानं ते हसले. "पाय गेले. आवाज बी बसला. चंपीवानी झालं."

मी म्हटलं, "व्हाल बरे." दोनदा परीक्षा देऊन मिळवलेल्या बी. ए.ला एवढंच सुचलं.

"कानामागं पाहा, मास्तर. असन एखांदी."

वच्छीनं तोंड फिरवलं. "रोज मले हेच म्हन्तात," ती म्हणाली. "मी पायतच नाई. पाहू तं काय पाहू?"

मी बाजेवर बसलो आणि डोळे मिटले. कान. मान. जबड्याखाली. त्यांच्याच क्रमानं, सावकाश. तिथं काही नसणार हे मला ठाऊक होतं, पण मी मनापासून शोधत होतो. आयुष्यात कुठलीच गोष्ट मी इतक्या मनापासून शोधली नाही. वाटत होतं, लागावी एकदा बोटाला. एरंडीच्या बीएवढी. एकदाच लाग गं बाई.

"सापडली?"

"नाही नानाजी."

"नीट पाहा. तुमचा काय भरोसा बावा. तुमाले थान अन् गोचीड ओयखू येत नाई."

ते हसायला लागले आणि ठसका लागला. मी त्यांना थोडं उठवून धरलं. ठसका थांबल्यावर त्यांनी चांगला हात उचलून गळ्याशी नेला.

"दोऱ्याखाली पायलं?"

मी वच्छीकडं बघितलं. तिनं नाही म्हणून मान हलवली. मी ताईत उचलला आणि त्याच्या खालून बोट फिरवलं. घामानं ओली, मऊ, म्हातारी कातडी. बाकी काही नाही.

"काई नाई नानाजी," मी म्हणालो. माझी शुद्ध भाषा पुन्हा पळाली होती. "साफ हाय."

"बरं." त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. पण तो चांगला हात हळूहळू वर आला, माझ्या गालावरून कानामागं गेला, आणि बोटं फिरायला लागली. सावकाश. आधी एक कान, मग दुसरा.

"तुमचं बी साफ हाय," ते म्हणाले. "जा आता, गाडी चुकन."